घरातल्या सेन्सरचा डेटा साठवा, ग्राफ काढा, पण ग्राफवर लगेच विश्वास ठेवू नका

आत्ता खोलीत २९ डिग्री आहे हे मोबाईलवर बघून काय करणार, ते तर अंगाला कळतंच. मजा आहे ती रात्री ३ वाजता किती होतं आणि खिडकी उघडी ठेवल्याने किती फरक पडला हे बघण्यात, आणि त्यासाठी डेटा साठवावा लागतो.

सेटअप साधा आहे. ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या बोर्डाला सेन्सर जोडायचा, बोर्ड वायफायवरून एमक्यूटीटीने (उपकरणांची छोटे मेसेज पाठवायची पद्धत) आकडा पाठवतो, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मॉस्किटो नावाचा ब्रोकर, म्हणजे मेसेज घेऊन पुढे देणारा प्रोग्राम, तो घेतो, टेलिग्राफ नावाचा प्रोग्राम तिथून उचलून इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसमधे टाकतो आणि ग्राफाना हा प्रोग्राम त्याचा ग्राफ काढतो. कोड लिहायचा कंटाळा असेल तर बोर्डावर ईएसपीहोम टाका (नुसती सेटिंग्ज लिहिली की बोर्डाचा प्रोग्राम तेच बनवतं), काम भागतं. मॉस्किटो २.० पासून लिसनर (कनेक्शन कोणत्या पोर्टवर घ्यायचं ती सेटिंग) सेट केला नसेल तर तो फक्त त्याच मशीनवरून आलेलं कनेक्शन घेतो, त्यामुळे बोर्ड कनेक्टच होत नाही आणि आपण वायफायला शिव्या घालत बसतो. कॉन्फिगमधे लिसनर १८८३ ची ओळ टाका आणि पासवर्ड पण लावा.

सेन्सर घेताना डीएचटी११ सोडून द्या, २ डिग्री इकडेतिकडे चालतं त्याचं. बीएमई२८० चांगला, पण त्याच नावाने बीएमपी२८० गळ्यात मारतात आणि त्यात आर्द्रता मोजायची सोयच नसते. चिप आयडी (चिपमधला ओळख क्रमांक) वाचून बघा, हेक्समधे (१६ च्या पायाच्या आकड्यांत) ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी.

आता सगळ्यात जास्त फसतो तो भाग, म्हणजे जागा. ईएसपी३२ स्वतः गरम होतो, सेन्सर त्याच्याच डब्यात कोंबला तर तुम्ही खोलीचं नाही, बोर्डाचं तापमान मोजताय. वायरने थोडा लांब न्या, आणि बोर्डाच्या वर नको, खाली किंवा बाजूला, कारण गरम हवा वर जाते. फ्रिजच्या मागे, ऊन येणाऱ्या भिंतीवर, टीव्हीच्या वर, यातलं काहीच नको.

डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर वापरत असाल तर अधूनमधून ८५ डिग्री दिसेल. घराला आग लागलेली नाही, चिप चालू झाल्यावर तिच्यात हाच आकडा असतो आणि १२ बिट इतक्या बारकाईने मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात, त्याआधी वाचलं की ८५ मिळतो. वायर सुटली तर नेहमीची लायब्ररी (सेन्सर वाचायचा तयार कोड) उणे १२७ देते. हे दोन्ही बोर्डावरच अडवा, पण त्याजागी शून्य पाठवू नका, काहीच पाठवू नका.

तापमानाला मिनिटाला एक रीडिंग पुरतं, दिवसाचे १४४० होतात. सेकंदाला घेतलं तर ८६,४०० आणि ग्राफ तसाच दिसतो. दरवाज्याच्या सेन्सरचं मात्र बदल झाला की लगेच पाठवा. रिटेन फ्लॅग (ब्रोकरने शेवटचा आकडा धरून ठेवायची सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर टेलिग्राफ रीस्टार्ट झाला की जुनाच आकडा आत्ताची वेळ लागून परत नोंदला जातो.

वेळेवरून आठवलं, इन्फ्लक्सडीबी सगळं यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) ठेवतो आणि ग्राफाना तुमच्या ब्राउझरच्या वेळेत दाखवतो. मी शहाणपणा करून बोर्डावरच टाइमझोनचे तास मिळवून टाइमस्टॅम्प पाठवला होता, डेटा गेला भविष्यात, ग्राफ रिकामा, आणि मी अर्धा दिवस वायरी तपासत बसलो 😅

ग्राफानात दोन गोष्टी बघाच. एक, मधे डेटा नसेल तर रेषा तुटलेली दिसू द्या, कनेक्ट नल व्हॅल्यूज नेव्हरवर ठेवा आणि क्वेरीत फिल प्रीव्हियस (रिकाम्या जागी मागचाच आकडा भरणं) वापरू नका, नाहीतर बोर्ड रात्रभर बंद होता तरी ग्राफ सांगणार की तापमान एकदम स्थिर होतं. दुसरं, उभ्या अक्षाला किमान-कमाल स्वतः द्या, ऑटोवर असलं की अर्ध्या डिग्रीचा फरक पण डोंगरासारखा दिसतो. महिन्याचा ग्राफ बघताना तो सरासरी दाखवतो हे पण लक्षात असू द्या, दुपारी दहा मिनिटं आलेला चटका त्यात गायब होतो, म्हणून मी कमालची वेगळी रेषा ठेवतो.

आणि हा सगळा डेटाबेस एसडी कार्डवर नको, सतत लिहून लिहून कार्ड जातं, एसएसडी लावा.