५जी फोन घेताय? आधी बँड बघा

खोक्यावर '५जी' छापलंय एवढ्यावर फोन घेऊ नका. पुण्यात तो नीट चालेल का, हे बँडवर, म्हणजे फोन रेडिओ लहरींचे कोणते पट्टे पकडतो यावर ठरतं. एकाच नावाच्या फोनचे भारत, चीन, अमेरिकेसाठी वेगळे मॉडेल असतात, म्हणून नेमका मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर यादी तपासा.

५जीसाठी एन७८ आणि एन२८ दोन्ही हवेत. एन७८ हा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा. वेग दांडगा, पण पेठेतल्या जुन्या वाड्याच्या भिंतीत किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मान टाकतो. एन२८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, वेगात कमी पण लांबवर आणि आतपर्यंत पोचतो. जिओ तो वापरतं. शिवाय जिओचं ५जी 'एसए' (स्टँडअलोन), म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या प्रकारचं, तेव्हा फोनला एसए असायलाच हवं. ४जीचे बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ असले की बहुतेक सिमचं भागतं. बीएसएनएल वापरणार असाल तर २८ही बघा.

खरी गोची होते ती परदेशातून आणलेल्या फोनची. नेट धावतं, कॉल मात्र लागत नाही. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे कॉल सहसा व्होल्टीवरून, म्हणजे ४जीच्या नेटमधूनच जातो, आणि त्यासाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या सिम कंपनीची सेटिंग असावी लागते. नुसता बँड जुळून उपयोग नाही. एअरटेलवर अशा फोनचा कॉल २जीवर घसरतो आणि बोलणं संपेपर्यंत नेट बंद पडतं.

म्हणून बुधवार पेठेत जुना फोन घेताना पैसे द्यायच्या आधी स्वतःचं सिम टाका, वायफाय बंद करा, कुणाला तरी कॉल लावा आणि तो चालू असतानाच एखादं पान उघडा. वर '४जी' किंवा '५जी' टिकून पान उघडलं तर ठीक. तिथे 'ई' (इंग्रजी E, म्हणजे २जी) दिसू लागला तर फोन परत ठेवा. सिम बसवायला खाचच सापडत नसेल तर तो अमेरिकेतला आयफोन १४ किंवा त्यानंतरचा असू शकतो. त्यात फक्त ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम चालतं.

मग *#०६# दाबा. येणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आधी इंग्रजीत केवायएम आणि एक मोकळी जागा सोडून, १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

घरी ५जीची एखादीच दांडी येत असेल तर फोन दिवसभर ४जी-५जीत उड्या मारतो आणि बॅटरी संध्याकाळच्या आत संपते. तिथे सिम सेटिंगमध्ये ४जीच निवडून ठेवा.