डेल्टिक बघायला जाताना आणि घरी मॉडेल चालवताना: या चुका टाळा

पहिल्यांदा इंग्लंडला गेलो, तेव्हा एका जतन केलेल्या रेल्वेवर फक्त डेल्टिक या जुन्या ब्रिटिश डिझेल इंजिनासाठी चार तास प्रवास करून पोहोचलो. फलाटावर कळलं, इंजिन आदल्या दिवशी बिघडलंय आणि गाडीला दुसरंच लागलंय. तिकीट तीन महिने आधी काढलं होतं, पण आदल्या रात्री रेल्वेच्या संकेतस्थळावर कोणतं इंजिन लागणार ते बघितलंच नाही. साठी ओलांडलेली इंजिनं आहेत ही. डिझेल गालाच्या, म्हणजे जुन्या डिझेल इंजिनांच्या मेळाव्याच्या दिवशीही यादी सकाळी बदलू शकते. त्यामुळे एकाच इंजिनावर सगळा दौरा बेतू नका, हाताशी एक जादा दिवस ठेवा. इंग्लंडमधली जतन केलेली सेव्हर्न व्हॅली रेल्वे त्यासाठी सोयीची, कारण तिचं किडरमिन्स्टर स्थानक मुख्य मार्गावरच्या स्थानकाला अगदी लागून आहे.

पुढच्या वेळी डेल्टिक मिळालं. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने 1961-62 मध्ये अशी 22 इंजिनं दिली, त्यातली 6 उरली आहेत. प्रत्येकात नेपियर कंपनीची 18 सिलिंडरची दोन डिझेल यंत्रं, मिळून 3300 अश्वशक्ती. गाडी सुटताना निळसर धूर उठतो आणि तो घुमणारा आवाज छातीत जाणवतो. तेवढी दोन मिनिटं कॅमेरा खाली ठेवा. फोटो काढताना पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा आणि रुळांत अजिबात उतरू नका.

फोटो मात्र मॉडेलच्या कामाचे घ्या. समोरून एक देखणा फोटो पुरत नाही; नाक, छत, बोगी (इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) असं वेगवेगळं टिपा. क्लास 37 या दुसऱ्या ब्रिटिश डिझेल प्रकाराची 309 इंजिनं बांधली गेली. आधीच्यांच्या नाकावर हेडकोडचे (गाडीचा सांकेतिक क्रमांक दाखवणारे) दोन वेगळे चौकोन, नंतरच्यांना मधोमध एकच पट्टी. काळाची गल्लतही इथेच होते. 37 ने सुरू होणारे पाच आकडी क्रमांक 1973-74 च्या सुमारास आले, तर ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं ऑगस्ट 1968 मध्येच थांबली होती. मॉडेलवर तो क्रमांक लावून शेजारी नेहमीच्या सेवेतलं वाफेचं इंजिन उभं केलंत, तर जाणकाराला लगेच खटकतं.

खरेदीतली नेहमीची चूक म्हणजे ओओ आणि एचओ ही मॉडेल रेल्वेची दोन मापं एकच समजणं. दोन्ही 16.5 मिमीच्या रुळांवर धावतात, पण ब्रिटिश ओओ 1:76 आणि एचओ 1:87. ओओ इंजिनामागे जर्मन एचओ डबे जोडले की ते खुजे दिसतात. वळणही तपासा: सहा चाकी बोगीच्या इंजिनाला बहुतेक वेळा किमान 438 मिमी त्रिज्या लागते.

आता सगळ्यांना छळणारा प्रश्न: इंजिन सांध्यावर, म्हणजे एका मार्गाचे दोन होतात तिथे, अडतं. आधी बोटाने हलकेच ढकला. पुढे गेल्यावर ते पुन्हा चालू लागलं, तर मोटर ठीक आहे, वीज पोहोचत नाहीये. सांध्याचा मधला भाग प्लास्टिकचा असेल, तर तिथे चाकांना वीज मिळत नाही. लांब इंजिन तो सहज ओलांडतं, छोटं शंटर (यार्डात डबे हलवणारं इंजिन) अडतं. पण लांब इंजिनही अडलं, तर चाकं बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने नुसतं ओलसर केलेलं कापड रुळांवर टाका. निथळतं नको, आणि खिडकी उघडी ठेवा. एक बोगी कापडावर, दुसरी उघड्या रुळावर ठेवून इंजिन हाताने धरा आणि हळू वीज द्या. चाकं जागच्या जागी फिरतात आणि कापडावर दोन काळ्या रेघा उमटतात. रेघा उमटायच्या थांबेपर्यंत कापड सरकवत राहा, मग दुसऱ्या बोगीचं तसंच करा. रूळ सँडपेपरने घासू नका, ओरखड्यांत मळ आणखी साचतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, म्हणून खालची बाजू आणि कडासुद्धा रंगवून घ्या. हिवाळ्यात रूळ टाकणार असाल, तर दोन तुकड्यांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट सोडा. मी ती सोडली नव्हती. मे महिन्यात माझ्या मॉडेलच्या सरळ मार्गाला बाक आला आणि दोन मीटर रूळ उखडून नव्याने टाकावा लागला.