खाडीच्या गाळातले फोराम: या वाटेला येण्याआधी

सूक्ष्मजीवाश्मांवर काम करायचंय असं म्हणणाऱ्या मुलांना मी आधी विचारते, मायक्रोस्कोपला डोळे लावून दिवसच्या दिवस बसवेल का? चिखलातले फोटो झकास येतात, पण खरा वेळ जातो तो ओल्या ब्रशच्या टोकाने फोरामिनिफेरा, म्हणजेच फोराम, वेचण्यात. हे एकपेशीय जीव, बहुतेकांचं कवच मिलिमीटरहूनही लहान. गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, उरेल ते वाळवायचं आणि नमुन्यामागे साधारण ३०० कवचं मोजायची, असा प्रघात आहे.

ठाण्याच्या खाडीत उधाणाच्या ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो, पण पाणी परततंही तितक्याच झपाट्याने. होडीवाले कोळी काका निघा म्हणाले की निघायचं, भरती-ओहोटीचं ॲप काहीही सांगो. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तेव्हा वनविभागाची परवानगी आधी.

कोअरमध्ये (गाळात नळी खुपसून काढलेला उभा नमुना) खालचं जुनं, वरचं नवं, हे पुस्तकात. इथे खेकडे आणि निवट्या बिळं करून थर कालवतात. थरांच्या वयासाठी शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं वापरतात. अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे ते पोचत नाही. तिथून पुढे कार्बन-१४.

सगळ्यात जपायची जागा वेगळीच आहे. एखाद्या थरात चुन्याची कवचं अचानक संपतात आणि नवखा लगेच लिहितो, ‘प्रदूषण वाढलं.’ असेलही. पण तिवरांखालच्या चिखलात पालापाचोळा कुजून आम्ल तयार होतं आणि चुना विरघळतो. जीव होते, कवचं गेली. अशा वेळी वाळूचे कण चिकटवून घर बांधणारी ट्रोकॅमिना (हाही एक फोरामच) टिकलीय का, उरलेली कवचं खरवडल्यासारखी दिसतात का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्षाला हात लावू नका. अमोनिया (वायूशी काही संबंध नाही, हे एका फोरामचं नाव) खारटपणातले चढउतार आणि ऑक्सिजनची टंचाई बरीच सोसतं. ते एकटंच भरभरून दिसलं, तर मात्र प्रदूषणाचा संशय रास्त. तोही गाळातले जड धातू तपासल्यावरच बोलून दाखवावा.

झेवियर्समध्ये जिऑलॉजी आहे, पवईला आयआयटीत भूविज्ञान, अंधेरीला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र. इंटर्नशिप मागताना ‘मला समुद्राची आवड आहे’ असं लिहू नका. नमुना धुणं-वेचणं येतं, एवढं लिहा. नसेल येत तर कॉलेजच्या लॅबमध्ये आधी शिकून घ्या.