बोटीच्या बुडाचे कॉक बदलण्याआधी

आमची 26 फुटी फायबरची बोट एरवी मांडव्याच्या खाऱ्या पाण्यात असते. यंदा मे महिन्यात ती ट्रेलरवर घालून कसारा घाटातून वर आणली, कारण नाशिकजवळ मखमलाबादला मामांची द्राक्षांची पॅकिंग शेड एप्रिलनंतर रिकामी असते आणि मामा भाडं घेत नाहीत. पाण्याखाली पाच भोकं आहेत आणि त्या पाचांवरचे कॉक, म्हणजे पाणी बंद-चालू करणारे व्हॉल्व, बदलायचे आहेत: एक इंजिन थंड ठेवायला पाणी घेणारा, एक बेसिनचा, दोन संडासाचे, एक डेकवरचं पाणी सोडणारा.

गेल्या मोसमात बोट पाण्यात असताना बेसिनच्या कॉकला मी नुसता हात टेकवला आणि पाइप चढवायचं तोंड मोडून हातात आलं. कॉक बंद होता म्हणून निभावलं. पाण्याखाली अर्धा मीटर असलेल्या 38 मिमीच्या भोकातून मिनिटाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं. मामांना हे फवारणीच्या हिशोबात सांगितलं: 200 लिटरचं पिंप दीड मिनिटात भरतं. तेव्हापासून त्यांनी थट्टा बंद केली.

तर तयारीतलं पहिलं काम म्हणजे जुनं काय आहे ते ओळखणं. मोडलेला तुकडा खिशात टाकून तांबट आळीत गेलो. तिथल्या एका काकांनी कानस मारली. पितळ पिवळं दिसायला हवं, हे भाजक्या विटेसारखं तांबूस. ‘यातलं जस्त गेलं, नुसतं तांबं उरलंय,’ म्हणाले. नेमकं तेच होतं. साध्या पितळात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जस्त असतं, खारं पाणी ते हळूहळू ओढून घेतं आणि मागे उरतो तो सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा, बाहेरून अगदी धडधाकट दिसणारा. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत पितळी बॉल व्हॉल्व कितीही जड लागला तरी घेऊ नका. ब्राँझ किंवा गनमेटल (तेही ब्राँझच) घ्या, किंवा जस्त न सोडणारं खास पितळ, किंवा बोटीसाठीच बनवलेला फायबर भरलेला नायलॉनचा. आणि पाचही एकाच जातीचे घ्या.

इथे मामांचा प्रश्न आला: ‘अरे, ड्रिपचा प्लास्टिक व्हॉल्व लाव की, दोनशे रुपयांत काम!’ पाण्याच्या दाबाला तो टिकेलही. पण लाटेत घसरलेला नांगर किंवा घाईत टाकलेला पाय त्यावर पडला तर? अमेरिकन बोट मानकाप्रमाणे बसवलेल्या कॉकच्या टोकाला 500 पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोचा भार 30 सेकंद सोसता यायला हवा. वेगवेगळे धातू एकत्र का नकोत, हे मात्र मामांना समजावावं लागलं नाही. बोर्डो मिश्रण, म्हणजे द्राक्षावर फवारायचं मोरचूद-चुन्याचं पाणी, नीट झालं का बघायला विळा बुडवतात आणि पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतात. तांबं लोखंडाला कसं खातं हे द्राक्षवाल्याला आधीच ठाऊक असतं.

आता आट्यांकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. बुडातून आरपार जाणाऱ्या नळीचे आटे सरळ असतात, दुकानातल्या बहुतेक बॉल व्हॉल्वचे निमुळते. दोन-तीन फेऱ्यांत घट्ट बसल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात दोन-तीन आट्यांवरच सगळं लटकलेलं असतं. नळी आणि कॉक एकाच बनावटीचे, एकाच वेळी मागवा. पार्सल आलं की टेफलॉन टेप न लावता हाताने फिरवून बघा. किमान पाच-सहा फेऱ्या सहज जायला हव्यात. पाचही जोड्या अशा बसवून, प्रत्येकीवर मार्करने भोकाचं नाव लिहून टेबलावर ओळीने ठेवल्याशिवाय जुन्याला पाना लावायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. मापं घेताना बुडाची जाडीही मोजा, पाइपचा आतला व्यास मोजा, आणि कॉकचा दांडा फिरायला जागा आहे का ते बघा. आमच्या संडासाखाली ती नव्हती. फळीला खाच पाडावी लागणार.

आतल्या बाजूने कॉकखाली जाड पाट लागतो, म्हणजे भार बुडाच्या मोठ्या भागावर पसरतो. प्लायवूड कुजतं. नाशिकचा फायदा असा की अंबडला इलेक्ट्रिकल पॅनलचे इतके कारखाने आहेत की 12 मिमी ग्लास-इपॉक्सी शीटचे तुकडे सहज मिळतात. त्यातून कोपरे गोल केलेले पाच पाट कापून घेतले. बुडाच्या वळणावर नीट बसायला ते खालून थोडे घासावे लागतात.

जुनी नळी निघाली तर पान्याने निघेल, नाहीतर बाहेरची कड ग्राइंडरने उडवावी लागेल. फायबरची धूळ अंगाला दोन दिवस खाजते, तेव्हा मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, आणि मामांच्या क्रेटवर ताडपत्री. ती आधी टाका, नंतर नाही!

हंगामाचंही गणित आहे. मेच्या कोरड्या उन्हात जुने कॉक काढायचे, भोकाच्या कडा वाळू द्यायच्या, अॅसिटोनने पुसून पाट इपॉक्सीने चिकटवायचे. नळीभोवतीची फट बुजवणारा पॉलियुरेथेन सीलंट मात्र हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे नाशकातल्या मेमध्ये तो ट्यूबवर लिहिलेल्या दिवसांपेक्षा रेंगाळतो. ते काम मी मृग लागेपर्यंत थांबवलंय. आणि कायमचा चिकटणारा सीलंट नको. कधीतरी हे पुन्हा काढायचं आहे, आणि तेव्हा बहुधा मीच असणार.

बारीकसारीक सामान: प्रत्येक पाइपला दोन-दोन स्टेनलेस क्लिपा. दुकानात जाताना चुंबक न्या, पट्टी चांगली असते पण स्क्रू हलका घालतात, तो चुंबकाला चिकटतो. प्रत्येक कॉकला दोरीने बांधलेलं एक निमुळतं लाकडी बूच. आमच्या सुताराने हौसेने सागाची करतो म्हणून धरलं होतं, ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकेल बघा.’ पण बूच दाबलं जाऊन भोकात फुगायला हवं. त्याला पाइनचं मऊ लाकूडच बरं. खोक्याच्या फळ्यांतून त्याने ती केली, थोडं नाक मुरडत.

नारळी पौर्णिमेनंतर बोट परत पाण्यात जाईल. त्या दिवसासाठी तीन गोष्टी आत्ताच पिशवीत भरल्यात: विजेरी, ग्रीस आणि जुनी वर्तमानपत्रं. क्रेनवाल्याला सांगायचं, बोट टेकली तरी अर्धा तास पट्टे सोडू नको. तोवर एकेका कॉकखाली वर्तमानपत्राचं पान पसरायचं आणि दर पाच मिनिटांनी विजेरी मारून बघायचं. नितळ थेंब फायबरवर दिसत नाही, छापील कागदावर लगेच काळा डाग पडतो. डाग पडला की बोट तशीच पट्ट्यांवर वर.