टामियाची दुर्लक्षित आरसी किट्स: या चुका टाळा

आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलच्या गाड्या चालवणारे, जमतात तिथे जपानच्या टामिया कंपनीच्या टीटी-०२ गाड्या भरपूर दिसतात. ग्रासहॉपर, हॉर्नेट, लंच बॉक्स यांच्यावर तर लोकांची चाळीस वर्षांची माया आहे. पण शिझुओकाच्या याच कंपनीची काही किट्स, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या गाड्या, अशी आहेत, की घेणारा थोडे दिवस चालवतो, वैतागतो आणि गाडी खोक्यात घालून माळ्यावर टाकतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या एम-०४ आणि एम-०६ या छोट्या गाड्या, पुढच्या चाकांवर चालणारी एफएफ-०१, जमिनीला चिकटून पळणारी फॉर्म्युला वन एफ१०३, ऐंशीच्या दशकातल्या फाल्कन, स्ट्रायकर आणि सॉनिक फायटर या बग्गी. एखाद्या दुकानात धूळ खात पडलेलं किंवा कुणी अर्धवट जोडून विकायला काढलेलं किट बहुधा यांच्यापैकीच असतं.

या गाड्या नावडत्या होण्याचं मुख्य कारण मला एकच दिसतं. आपण त्या जोडतो आणि चालवतो फोर-व्हील-ड्राइव्हच्या सवयीने. टीटी-०२ चारही चाकांनी ओढते आणि चारही चाकांनी थांबते, त्यामुळे आपल्या पुष्कळ चुका ती पोटात घालते. दोनच चाकांना मोटर जोडलेली गाडी तसं करत नाही. म्हणून किट उघडल्यावर सगळ्यात आधी मोटर कोणती चाकं फिरवते ते बघा. पुढचे बहुतेक निर्णय त्यावरून ठरतात.

ब्रेक कुठे लागतो, याकडे दुर्लक्ष

इलेक्ट्रिक आरसी गाडीला वेगळे ब्रेक नसतात. मोटरच ब्रेकचं काम करते, म्हणजे मोटर जी चाकं फिरवते तीच अडतात. एम-०६ मध्ये ब्रेक दाबला की फक्त मागची चाकं अडतात आणि वळणात असाल तर गाडी जागच्या जागी गर्रकन फिरते. लोक म्हणतात, ‘ही गाडी चालवताच येत नाही.’ खरं तर प्रत्येक वळणात त्यांनी नकळत हँडब्रेक ओढलेला असतो.

एफएफ-०१ मध्ये याच्या उलट. तिथे पुढची चाकं अडतात. वळणात ट्रिगर (रिमोटवरचा वेगाचा दट्ट्या) एकदम सोडला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपटी बाहेर निघते. होंडा सिव्हिकची बॉडी लावलेली, दिसायला गरीब गाय वाटणारी गाडी अशी का फिरली, हे नवख्याला कळत नाही.

उपाय खर्चाचा नाही. ईएससीमध्ये, म्हणजे मोटरचा वेग आणि ब्रेक सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यात, ‘ड्रॅग ब्रेक’ (ट्रिगर सोडताच आपोआप लागणारा ब्रेक) नावाची सेटिंग असेल तर ती शून्यावर आणा. ब्रेकची ताकद निम्मी करा आणि मग थोडी थोडी वाढवत बघा. ईएससीमध्ये सोय नसेल तर ट्रान्समीटरवर (हातातल्या रिमोटवर) ब्रेकच्या बाजूचा एंड पॉइंट, म्हणजे कमाल मर्यादा, कमी करून तेच साधतं. एम-०६ चा वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच उतरवा. एफएफ गाडीत वळण संपेपर्यंत ट्रिगर पूर्ण सोडू नका, किंचित दाबलेला राहू द्या. एवढ्याने निम्मी तक्रार मिटते.

एम-०४, एम-०६: चारही टायर सारखेच चांगले

या दोघींची नेहमीची तक्रार अशी: थ्रॉटल दिला की नाक हलकं होऊन गाडी वळायला तयार नसते, आणि सोडला की मागून फिरते. वजन मागे आणि ढकलणारी चाकंही मागेच, त्यामुळे हा स्वभाव मुळातच आहे. तो पूर्ण जात नाही, पण पुष्कळ निवळतो.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे चांगली पकड देणारे महागडे मऊ टायर आणून चारही चाकांवर चढवणं. त्याने पुढची पकड वाढते, गाडी आणखी झटक्यात वळते आणि मागची बाजू आधीपेक्षा लवकर सुटते. पैसे घालून गाडी बिघडवण्याचा हा प्रकार आहे. मऊ टायर फक्त मागे लावा. पुढे किटमधले कडक टायर राहू द्या. पुढचे टायर झिजले असतील तर तेही चालतील. दोन्ही मागचे टायर मात्र एकाच जातीचे, एकसारखे झिजलेले आणि रिमला नीट चिकटवलेले हवेत. एका बाजूचा टायर रिमवर सरकत असेल तर सेटिंग कितीही बदला, गाडी एकीकडे ओढणारच.

दुसरी चूक डिफरन्शियलची, म्हणजे वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेची. एम-०३ आणि एम-०५ या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहिणी खूप लोकप्रिय आहेत, त्यामुळे सल्लेही त्यांचेच जास्त ऐकू येतात. त्यातला ठरलेला सल्ला म्हणजे डिफरन्शियलमध्ये घट्ट अँटीवेअर ग्रीस ठासून भरा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो बरोबर आहे. वळणात आतलं पुढचं चाक हलकं होऊन फुकट फिरतं आणि घट्ट ग्रीस त्याला आवरतं. हाच सल्ला एम-०६ ला लावला की मागची दोन्ही चाकं बांधल्यासारखी एकत्र फिरतात, आणि सुटतात तेव्हाही एकत्रच सुटतात, तीही कुठलीच सूचना न देता. एम-०६ चं डिफरन्शियल हलक्या ग्रीसवर मोकळं ठेवून सुरुवात करा. घट्टपणा वाढवायचाच असेल तर एका वेळी थोडाच.

तिसरी चूक मोटरची. किटसोबत येणारी ५४० ची साधी मोटर कमी वाटते म्हणून लोक जास्त ताकदीची ब्रशलेस मोटर बसवतात. सुमारे पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर अंतरावर चाकं असलेली टूरिंग गाडी ती पचवते, पण एम शॅसीतलं (सांगाड्यातलं) पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २१०, २२५ किंवा २३९ मिलिमीटर. इतकी आखूड गाडी आणि त्यात फक्त मागची ताकद. आधी साध्या मोटरवर गाडी सलग सरळ आणि स्वच्छ चालवता आली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. ट्रान्समीटरवर थ्रॉटल एक्स्पो असेल तर ट्रिगरची सुरुवात मवाळ करून घ्या. मोटर बदलण्याआधी हा फुकटातला उपाय करून बघाच.

त्या तीन आकड्यांवरून आणखी एक गोष्ट. एम-०६ तिन्ही लांबीत जोडता येते. जी बॉडी बसवायची तिची लांबी आधी बघा आणि त्यानुसारच शॅसी जोडा. बीटलची बॉडी आवडली म्हणून वेगळी मागवायची आणि नंतर चाकं चाकाच्या कमानीत बसत नाहीत म्हणून सगळी गाडी उकलायची, हा उद्योग टाळता येतो.

एफ१०३: जागा चुकली की सगळं चुकलं

ही गाडी मला फार आवडते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

एफ१०३ मध्ये बग्गीसारखे लांब आर्म आणि मोठे शॉक नाहीत. मागचा मोटरचा भाग मुख्य शॅसीला फायबरच्या एका पातळ पट्टीने जोडलेला असतो. आकारामुळे तिला टी-बार म्हणतात. ही पट्टी वाकते आणि पिळते, तेच मागचं सस्पेन्शन. मोटरचा पिनियन (तिच्या टोकावरचं छोटं गिअर) थेट मागच्या ॲक्सलवरचं मोठं गिअर फिरवतो, मध्ये गिअरबॉक्स नाही. रचना इतकी साधी, की नीट जुळलेली एफ१०३ गुळगुळीत जमिनीवर थक्क करते.

पण जमीन खरोखरच गुळगुळीत लागते. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात. तिथे ही गाडी नुसती उड्या मारते, पोट घासते आणि टी-बारला तडे जातात. मग तीच विक्रीला निघते. बास्केटबॉलचं काँक्रीटचं कोर्ट, चांगलं डांबर किंवा हॉलची फरशी मिळणार असेल तरच हे किट घ्या. काँक्रीटवर धूळ असेल तर आधी झाडून घ्या. इतर गाड्यांना हे चोचले वाटतील, हिला ते लागतं.

गाडी एका बाजूला चांगली वळते आणि दुसऱ्या बाजूला फिरते, अशी तक्रार असेल तर शॅसीला पीळ बसला आहे का ते बघा. गाडी काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवा. नाकाच्या बरोबर मध्यावर खालून पातळ पट्टी घालून हळूहळू उचला. पुढची दोन्ही चाकं एकाच क्षणी सुटली पाहिजेत. एक आधी सुटत असेल तर टी-बारचे स्क्रू सैल करा, गाडी सपाट दाबून धरा आणि ते थोडे थोडे आळीपाळीने आवळा. हे स्क्रू जोर लावून आवळणं ही फार मोठी चूक आहे, कारण टी-बार हलण्यासाठीच आहे.

आणि जिच्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही ती गोष्ट: मोटरच्या वायरी. ईएससी मुख्य शॅसीवर असतो, मोटर हलणाऱ्या मागच्या भागावर. मधली वायर जाड, कडक आणि ताणलेली असेल तर ती स्प्रिंगसारखी मागचा भाग एका बाजूला ओढत राहते. सगळं सेटिंग बरोबर असूनही गाडी वाकडी जाते. मऊ सिलिकॉन वायर वापरा आणि मोकळा वळसा ठेवा.

मागच्या ॲक्सलमध्ये बॉल डिफरन्शियल आहे. ते सैल ठेवून चालवलं तर छोट्या गोळ्या घसरतात, तापतात आणि रिंगांवर खाचा पाडतात. तपासायची रीत सोपी आहे: मागची दोन्ही चाकं घट्ट धरा आणि अंगठ्याने मोठं गिअर फिरवून बघा. ते सहज सरकलं तर सैल आहे. सरकू नये, पण एक चाक फिरवलं की दुसरं उलट दिशेला मऊपणे फिरलं पाहिजे. मळल्यासारखं किंवा खरखरीत लागलं तर उघडून पुसा आणि नवं ग्रीस लावा.

स्पंजचे टायर वापरत असाल तर आणखी एक हिशेब लागतो. गिअरबॉक्स नसल्यामुळे चाकाचा व्यास हाच गिअरिंगचा भाग आहे. समजा चाक ६० मिलिमीटरचं, पिनियन २५ दातांचा आणि मोठं गिअर १०० दातांचं. मोटरच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ४७ मिलिमीटर पुढे जाते. टायर झिजून ५६ मिलिमीटरवर आला की हेच अंतर ४४ वर येतं. गाडी मंदावली म्हणून लोक मोटरला दोष देतात. आधी टायर मोजा, आणि गरज वाटली तर पिनियन एक दाताने वाढवा. टायर लहान झाले की गाडीचं पोटही खाली येतं, तेही तपासा.

एफएफ-०१: पुढच्या चाकांवरचा भार

इथे पुढची दोन चाकं ओढतात, वळवतात आणि थांबवतात. साहजिकच पुढचे टायर लवकर झिजतात, आणि ते झिजले की गाडी वळेनाशी होते. याला लोक स्टिअरिंगचा दोष समजतात. टायर वेळेवर पुढे-मागे बदलत राहा.

किटमधल्या प्लास्टिकच्या सर्व्हो सेव्हरकडेही (स्टिअरिंगच्या सर्व्हो मोटरला धक्क्यापासून वाचवणाऱ्या जोडाकडे) लक्ष द्या. तो ढिला असतो. ओढणारी चाकं पुढे असल्यामुळे त्यातली ढिलाई इथे जास्त जाणवते: गाडी सरळ रेषेत भटकते, दर वेळी मध्य वेगळाच येतो. ट्रिम फिरवत बसण्यापेक्षा घट्ट स्प्रिंगचा सर्व्हो सेव्हर बसवा.

फाल्कनचं घराणं आणि अवांते

फाल्कन १९८६ ची. तिच्याच सांगाड्यावर पुढे स्ट्रायकर आणि सॉनिक फायटर आल्या. जुनी गाडी हाती आली तर तिच्यात ईएससीऐवजी सर्व्होने फिरणारा यांत्रिक स्पीड कंट्रोल आणि रेझिस्टर असण्याची शक्यता मोठी. रेझिस्टर बोट भाजेल इतका तापतो आणि बॉडीला टेकला तर ती वितळवतो. मूळ वस्तू जपायची हौस असेल तर काढून जपून ठेवा, चालवताना ब्रश मोटरचा ईएससी बसवा. जवळजवळ चाळीस वर्षांचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, अशा गाडीने उड्या मारायच्या नाहीत.

१९८८ ची अवांते हा वेगळाच विषय. फोर-व्हील-ड्राइव्ह, महाग, गुंतागुंतीची आणि शर्यतीसाठी जड. पळवणाऱ्यांनी नाकारलेल्या या गाडीवर संग्राहकांनी मात्र जीव लावला आणि २०११ मध्ये ती पुन्हा बाजारात आली. जुनी मूळ अवांते कुणाकडे असेल तर ती पळवण्याआधी नव्या आवृत्तीचे सुटे भाग मिळतात का ते बघा.

जुळणी करताना

टामियाचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोकं खराब होतं. जेआयएसचा ड्रायव्हर घ्याच. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात तो ‘टक’ करून बसतो, मग आवळा. थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) फक्त धातूत जाणाऱ्या स्क्रूला लावा, प्लास्टिकला तो तडे पाडतो. किटमध्ये प्लास्टिकचे बुश (ॲक्सलला आधार देणाऱ्या साध्या कड्या) असतील तर ते काढून बॉल बेअरिंग घाला. पुष्कळ शॅसींना ११×५×४ मिलिमीटरचं माप लागतं, तरी किटच्या पुस्तिकेत खात्री करा. आपल्या धुळीत बुश ॲक्सल खातात.

गाडी चालूच होत नसेल आणि ईएससीचा दिवा लुकलुकत असेल तर ट्रान्समीटरवर थ्रॉटल चॅनल उलटा करून बघा आणि ईएससी पुन्हा कॅलिब्रेट करा. खराब म्हणून परत केलेल्या कितीतरी ईएससींना एवढंच झालेलं असतं.

सुटे भाग आणि बॉडी

टीटी-०२ चा आर्म मोडला तर सहज मिळतो. एम-०४ चा किंवा एफएफ-०१ चा मिळेलच असं नाही. बाहेरून मागवायचा तर पार्सलचा खर्च आणि कस्टम ड्युटी मिळून भागापेक्षा जास्त पैसे जातात. म्हणून किटसोबतच मोडण्यासारखे भाग मागवा: पुढचे आर्म, स्टिअरिंग नकल, एफ१०३ साठी टी-बार आणि पुढचा बंपर.

बॉडीचंही तसंच. दुर्लक्षित किटची बॉडी बंद झाली की पुन्हा मिळायची शाश्वती नाही. पारदर्शक बॉडी आतून रंगवतात, त्यामुळे गडद रंग आधी आणि फिकट नंतर. रंग पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे बॉडीच्या या प्लास्टिकसाठीचाच हवा. मोटारींचा साधा स्प्रे पहिल्या धडकेत पापडासारखा उडतो. सरावासाठी त्याच लांबीची एखादी स्वस्त बॉडी वेगळी ठेवा, आणि तिला शॅसीवरच्या बॉडी पेलणाऱ्या खांबांची भोकं पाडताना दोन्ही बॉडी एकावर एक धरून खुणा करा, म्हणजे अदलाबदल करताना खांबांची उंची आणि जागा पुन्हा लावत बसावी लागत नाही.