पॅलेस्टाईनचा वाद ४५ मिनिटांत शिकवताना

‘हे भांडण दोन हजार वर्षांचं आहे’ म्हणून सुरुवात केलीत की तास गेलाच. नांदेड असो की परभणी, पोरं धर्माच्या बाजू घेऊन मोकळी होतात. फळ्यावर पहिलं साल १८८२ लिहा. रशियातल्या ज्यूविरोधी दंगलींनंतर पॅलेस्टाईनमध्ये ज्यू स्थलांतराची पहिली लाट आली ती तेव्हा. राज्य ऑटोमन तुर्कांचं होतं. उत्तरपत्रिकांत हमखास ‘ब्रिटिशांचं’ येतं. १८९७ ची बाझल परिषद (ज्यूंच्या स्वतंत्र मायभूमीची मागणी करणाऱ्या झायोनिस्ट चळवळीची पहिली) एका ओळीत उरका.

खरा वेळ जमिनीला द्या, किमान पंधरा मिनिटं. १८५८ च्या ऑटोमन कायद्यानं जमिनीची नोंदणी आली. कर आणि सैन्यभरतीच्या धास्तीनं अनेक शेतकऱ्यांनी नाव लावलंच नाही. शहरी धनिकांच्या नावे मोठाली क्षेत्रं चढली. बैरूतच्या सुरसुक घराण्यानं १९२० च्या दशकात जेझरील खोऱ्यातली जमीन ज्यू संस्थांना विकली. पैसे मालकाला, उठावं लागलं कसणाऱ्याला. इथे निजामी काळातलं कूळ आठवून द्या; आजोबा कूळ असलेल्या पोराला पुढचं सांगावं लागत नाही. फरकही सांगा: हैदराबाद संस्थानात १९५० च्या कायद्यानं कुळाला संरक्षण मिळालं, तिथे फार तर भरपाई.

मग तीन रकाने आखा: मक्केचा अरब नेता शरीफ हुसेनला ब्रिटिश अधिकारी मॅकमहनची पत्रं (१९१५-१६), फ्रान्सबरोबरचा वाटणीचा गुप्त सायक्स-पिको करार (१९१६), ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये ‘राष्ट्रीय घर’ देऊ म्हणणारा बाल्फोर जाहीरनामा (२ नोव्हेंबर १९१७). एकाच प्रदेशाबद्दल ब्रिटिशांनी तिघांशी बोलणी केली. जाहीरनामा एका मुलाला मोठ्यानं वाचायला लावा, एवढासाच आहे. बहुसंख्य अरबांचं त्यात नावही नाही. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांची हमी आहे, राजकीय हक्कांवर चकार शब्द नाही.

१९२२ च्या जनगणनेत ज्यू सुमारे ११ टक्के, १९४७ पर्यंत एक तृतीयांश. मधे हिटलर आहे, तो वगळून हा आकडा समजत नाही. ब्रिटिश राजवटीविरुद्धचा १९३६-३९ चा अरब उठाव दोन मिनिटांत.

संयुक्त राष्ट्रांचा फाळणीचा ठराव: २९ नोव्हेंबर १९४७, ३३ विरुद्ध १३, दहा तटस्थ, भारत विरोधात. ‘अरबांनी नकार का दिला?’ हा प्रश्न येतोच. ज्यू राष्ट्राला ५५ टक्क्यांच्या आसपास भूभाग मिळत होता, ज्यूंच्या मालकीची जमीन मात्र जेमतेम सात टक्के. लगेच दुसरी बाजूही मांडा: साठ लाख ज्यू मारले गेले होते आणि वाचलेल्यांना बहुतेक देशांची दारं बंद होती.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं आणि अरब देशांशी युद्ध पेटलं; १९४९ च्या युद्धबंदी रेषेवर थांबा. सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी विस्थापित झाले होते. नकाशात वेस्ट बँक जॉर्डनच्या आणि गाझा इजिप्तच्या ताब्यात दाखवा. १९६७ चं युद्ध, ज्यात इस्रायलनं हे दोन्ही भाग घेतले, याच तासात घुसवलं की मुलं दोन्ही इस्रायलच्या रंगात रंगवतात.