यीस्टच्या पिशव्या आणि माझा मे महिना

एमएस्सीच्या प्रोजेक्टचा विषय सांगितला तेव्हा नंदुरबारकडचे मामा म्हणाले, "म्हणजे मोहाची फुलं आंबवतं तेच ना?" हो, तेच यीस्ट. फक्त मी बघत होते ते त्यानं बाहेर सोडलेल्या पिशव्या, म्हणजे व्हेसिकल.

आधी एक गल्लत टाळा. 2013 चं नोबेल शास्त्रज्ञ रँडी शेकमन यांना मिळालं ते पेशीच्या आतल्या वाहतुकीसाठी. तेही यीस्टवरच, म्हणून व्हायव्हात मी दोन्ही एकच करून टाकलं. आपल्या व्हेसिकल जाड पेशीभित्तिका ओलांडून बाहेर येतात, प्रथिनं, आरएनए, शर्करेच्या साखळ्या घेऊन.

हा कचरा नाही कशावरून? मला पटलं ते कॅन्डिडा या माणसाला संसर्ग करणाऱ्या यीस्टवरच्या कामामुळे. ज्या म्यूटंटमध्ये, म्हणजे जनुक बदललेल्या कॅन्डिडात, व्हेसिकल कमी सुटतात, त्यांच्या बायोफिल्मवर (चिकटून वाढलेल्या थरावर) फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध चालू लागतं. साध्या कॅन्डिडाच्या व्हेसिकल वरून घातल्या की पुन्हा चालेनासं होतं. काढून बघायचं, परत घालून बघायचं. क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या रोगकारक यीस्टमध्ये कॅप्सूलचा, म्हणजे पेशीभोवतीच्या वेष्टनाचा, माल याच पिशव्यांतून बाहेर जातो, हे 2007 मध्ये दिसलं.

आता माझी फजिती. जळगावचा मे, शनिवारी रात्री लाईट गेली, यीस्टचं कल्चर हलवत ठेवणारा शेकर बंद, खोलीची भट्टी. सोमवारी तेच कल्चर फिरवून पेशी खाली बसवल्या, वरचं पाणी गाळलं आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालून रात्रीच्या गाडीनं पुण्याला नेलं. व्हेसिकल खाली बसवायला 1,00,000 जी, म्हणजे गुरुत्वाच्या लाखपट जोर, देणारं मशीन आमच्याकडे कुठलं! शेजारच्या काकूंनी विचारलं, "मासे का गं?" पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला साका, चांगलं जाड आलं. मी खूश.

मॅडमनी एवढंच विचारलं, "मेलेल्या किती?"

उरलेल्या कल्चरचा थेंब मिथिलीन ब्लूमध्ये बघितला. जिवंत पेशी रंगहीन दिसते, मेलेली निळी. निळंच निळं! फुटलेल्या पेशींचे पडदेही गोल होऊन पिशव्यांसारखेच दिसतात. तीन आठवडे पाण्यात.

तेव्हापासून कल्चर उतरवण्याआधी हा थेंब बघतेच. आणि नुसता मीडियाही (यीस्ट वाढवायचं पोषक पाणी) सगळ्या पायऱ्यांतून नेते, कारण त्यातलं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे फोडलेलं यीस्टच की!

खरं पेलेट बहुधा डोळ्यांना दिसतच नाही. ट्यूब रोटरमध्ये ठेवताना बाहेरच्या बाजूला मार्करनं खूण करा, पेलेट तिथंच बसतं, आणि नंतर त्या खुणेखालीच पिपेट फिरवा.